ऐंशी हजारांत मेपल: वॅगनआरमध्ये मावणाऱ्या ड्रमसेटच्या नोंदी

१४ जून २०२५

ठरलं एकदाचं. ऑक्टापॅड (आठ रबरी चौकोनांचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) विकत नाही, पण यंदा गणपतीत तो घरी राहणार आणि स्टेजवर खरा ड्रमसेट जाणार.

गेली अकरा वर्षं मी आमच्या ऑर्केस्ट्रात आठ रबरी चौकोनांवर वाजवतोय. रोलंडनं पहिला ऑक्टापॅड १९८५ मध्ये काढला, आणि आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी त्याला असं काही उराशी धरलं की 'पॅडवाला' हा वेगळा हुद्दाच होऊन बसला. त्याबद्दल तक्रार नाही. एका बॅगेत ढोलक, टाळ, घुंगरू, काच फुटल्याचा आवाज, सगळं येतं; दोन वायरी जोडल्या की माणूस कामाला लागला. पण माझ्या जुन्या पॅडवर हळू मारलं काय नि जोरात मारलं काय, आवाज लहानमोठा होतो, त्याची जात बदलत नाही. बुजी लॉर्ड, लेस्ली गुदिन्हो, फ्रँको वाझ ही हिंदी सिनेसंगीतातली ड्रमर मंडळी ज्या काळच्या गाण्यांत वाजवून गेली तीच गाणी आम्ही दर शनिवारी करतो. त्यातला ब्रशचा (काडीऐवजी तारांच्या कुंचल्यानं वाजवायचा) भाग रबरावर वाजवताना मला चोरी केल्यासारखं वाटतं.

अटी लिहून ठेवतो, म्हणजे नंतर स्वतःलाच फसवता येणार नाही. सगळं मिळून ८०,००० रुपये. झांजा माझ्याकडे आहेत (१४ इंची हायहॅट, १६ इंची क्रॅश, २० इंची राइड), त्या सोडून. सगळा संसार वॅगनआरमध्ये एका फेरीत गेला पाहिजे, आणि शेजारच्या सीटवर गिटारवाला बसला पाहिजे. तिसरी अट सगळ्यात कडक: एकट्यानं पंधरा मिनिटांत उभा करायचा. सोसायटीच्या गणपतीत बक्षीस समारंभ आणि पहिलं गाणं यांच्यामध्ये तेवढाच वेळ मिळतो, तोही अध्यक्ष बोलायला उभे राहिले तर.

१९ जून

ड्रमचं लाकूड मेपल की बर्च, या वादात दोन रात्री गेल्या. बर्चचा सेट मला दहा-बारा हजारांनी स्वस्त मिळत होता. बर्चचा ठोका टोकदार, कोरडा. मधला भाग थोडा मागे राहतो, त्यामुळे माइक लावला की आवाज तयारच असल्यासारखा येतो. मेपलचा आवाज सबंध खालपासून वरपर्यंत पसरलेला, मध्याच्या खाली जरा गुबगुबीत. आमच्या निम्म्या कार्यक्रमांना ड्रमला माइकच मिळत नाहीत. मिळाले तर एक बासला (पेडलनं पायानं वाजवायचा मोठा ड्रम), आणि निवेदिकेचा हातातला माइक मध्येच कुणीतरी स्नेअरसमोर (खाली तारा लावलेला ड्रम) आणून ठेवतो. जिथं लाकडालाच बोलायचंय तिथं मेपल बरा, असा माझा हिशोब.

पण लाकडाच्या नावाला भुलायचं किती, हेही आहे. 'मेपल' असं जाहिरातीत लिहिलेलं पुष्कळदा फक्त बाहेरच्या रंगाबद्दल असतं; आत पॉप्लर निघतं. हेड (वर ताणलेला प्लास्टिकचा पडदा) काढून शेलच्या (ड्रमच्या लाकडी कवचाच्या) काठावर बोट ठेवायचं, थर मोजायचे, आतली बाजू बघायची. विकणारा हेड काढू देत नसेल तर चहा पिऊन निघायचं.

२८ जून

पहाटे पाचला निघून वसई. तिथल्या एका अंकलकडे पर्ल कंपनीचा डिकेड मेपल सेट आहे असं आमच्या कीबोर्डवाल्याला कळलं होतं. अंकल चाळीस वर्षं लग्नांत वाजवत होते. आता खांदा वर होत नाही. घर नारळाच्या वाडीत, अंगणात विहीर, आणि पडवीत चादरीखाली झाकलेला सेट.

६ थर, ५.४ मिलिमीटर जाडी, सगळा मेपल. २० बाय १६ चा बास, १० आणि १२ इंची टॉम (मधले ड्रम), १४ इंची फ्लोअर टॉम (तीन पायांवर जमिनीवर उभा), १४ बाय साडेपाचचा स्नेअर. मला २० इंचीच हवा होता. २२ इंचीचा दणका मोठा खरा, पण तो वॅगनआरच्या मागच्या सीटवर आडवा होत नाही. मी मोजपट्टी घेऊनच गेलो होतो.

अंकलनी स्वतःच चावी काढून १२ इंचीचं हेड उतरवलं. म्हणाले, "बघून घे बाबा, नंतर शिव्या नको." समुद्राच्या हवेनं रिमवर (हेड दाबून धरणारं कडं) तांबूस ठिपके, रॉड (ते कडं आवळायचे स्क्रू) घट्ट, हेडं तर कुठल्या काळातली देव जाणे. पण शेल गोल होते, आत बुरशी नव्हती, थर कुठं सुटले नव्हते. १२ इंचीच्या काठाला एक दबलेली जागा होती. पडला होता एकदा, असं त्यांनीच सांगितलं. ५५ सांगत होते. हायहॅट स्टँड आणि एक बूम स्टँड धरून ४८,००० ला जमलं. स्नेअरचा स्टँड मात्र नाही, पेडलही नाही.

निघताना अंकलनी बासवर हाताच्या तळव्यानं एक थाप मारली आणि आत निघून गेले. मी गाडी सुरू करायला जरा वेळ लावला.

पेट्रोल आणि टोल मिळून २,६००.

२९ जून

सगळं उघडलं. हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून प्रत्येक ड्रमचे रॉड वेगळ्या वाटीत. वाट्या परत जागेवर गेल्या पाहिजेत, अशी ताकीद मिळाली आहे.

रॉड रॉकेलमध्ये भिजवणार होतो, पण रॉकेल आता मिळतं कुठं? डब्ल्यूडी-४० आणि जुना टूथब्रश. पुसून कोरडे केल्यावर आट्यांना व्हॅसलीनचा हलका हात. रिमवरचे ठिपके अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासले की निघतात. क्रोमला ओरखडे पडत नाहीत. तीन ठिपके निघाले नाहीत. राहू देत, अंकलची सही.

५ जुलै

आजचा दिवस काठांचा.

ड्रमचं हेड ज्या धारेवर टेकतं तो काठ सपाट नसेल तर कितीही भारी हेड लावा, सूर एका जागी बसतच नाही. तपासायची रीत सोपी: एकदम सपाट दगडावर शेल पालथा ठेवायचा, आत टॉर्च, खोलीत अंधार. काठाखालून उजेड झिरपला तर तिथं खड्डा. सपाट दगड म्हणजे आपल्याकडे स्वयंपाकघराचा ओटा. आईनं डाळ निवडता निवडता विचारलं, "हे धुणार आहेस ना नंतर?"

बास, दहा, चौदा, स्नेअर सगळे ठीक. बाराखाली मात्र दोन बोटं रुंद उजेडाची फट. घासून काढावं की भरावं, कळेना. मग शेल पिशवीत घालून ज्यांच्याकडून आमच्या ढोलकीवाल्याची पानं चढवून होतात त्या काकांकडे गेलो. त्यांनी ड्रमसेटचं काम कधी केलेलं नाही. त्यांनी टॉर्च-बिर्च काही घेतलं नाही. डोळे मिटून अनामिका काठावरून एक फेरी फिरवली, परत उलटी फिरवली, आणि जिथं फट होती तिथं थांबून म्हणाले, "इथं बसलंय. आणि याच्या समोर थोडं उठलंय, ते बघितलं का भाऊ?" समोरचं मला दिसलंच नव्हतं. म्हणजे दबलेल्या जागेइतकाच दोष समोरच्या उंचवट्याचा होता, आणि मी खड्ड्याभोवतीच सगळा काठ घासायला निघालो होतो.

त्यांच्या सांगण्यावरून काम असं केलं: ३२० चा पॉलिश पेपर ओट्यावर चिकटवला, शेल पालथा ठेवून वजन न देता गोल फिरवला, दर दहा फेऱ्यांनी पाव वळसा सरकवला, म्हणजे हाताची सवय एकाच बाजूला लागत नाही. तीसेक फेऱ्यांत उजेड केसाएवढा राहिला. तिथं थांबलो. जास्त घासलं की धार बोथट होते आणि मग ती पुन्हा कापून घ्यावी लागते. ते काम माझ्या हातचं नाही. शेवटी देवघरातल्या मेणबत्तीचा तुकडा काठावर फिरवला. मेणामुळे हेड धारेवर अडकत नाही, सरकून बसतं.

काकांनी पैसे घेतले नाहीत. "मी काय केलं? बोट फिरवलं."

६ जुलै

ओटा धुतला.

१२ जुलै

हेडं आली. नऊ हेडांचे १३,४०० रुपये. एवढ्यात एक बरा स्टँड आला असता, पण माझ्या मते स्वस्तातल्या सेटवर पैसे खर्च करायची पहिली जागा हीच. जुन्या हेडांचा मेपल आणि नव्या हेडांचा पॉप्लर समोर ठेवला तर मी डोळे झाकून पॉप्लर उचलेन.

तिन्ही टॉमना वरून रेमो कंपनीचं कोटेड एम्परर, म्हणजे ७ मिलचे दोन थर. खालून क्लिअर अँबॅसेडर, १० मिलचा एक थर. (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) दोन थरांचं हेड जरा लवकर शांत होतं आणि मार खातं, कोळीगीतांत मी जे काही करतो ते एकथरी हेड सहा महिनेसुद्धा सोसणार नाही. स्नेअरला वरून कोटेड अँबॅसेडर, कारण ब्रश फिरवायचे तर खरखरीत पृष्ठभाग हवा आणि फार जाड नको. खालून ३ मिलचं पातळ हेड. ते बोटानं दाबायचंसुद्धा नाही. बासला पॉवरस्ट्रोक ३, ज्याच्या कडेला आतून एक पातळ रिंग असते. अर्धा घुमारा तीच खाते.

बासचं पुढचं हेड अंकलचंच ठेवलं.

१३ जुलै

त्या पुढच्या हेडाला माइकसाठी भोक हवं होतं. कात्रीनं कापलं तर कड फाटत जाते. जुनी युक्ती अशी की पत्र्याचा डबा गॅसवर तापवून टेकवायचा. प्लास्टिक वितळून गोल भोक पडतं आणि कड आपोआप जाड होते. दूध पावडरचा रिकामा डबा घेतला, मध्यापासून बाजूला, चार वाजले की घड्याळाचा काटा जिथं असतो तिथं टेकवला. भोक छान पडलं. घरभर जो वास सुटला त्यावर लिहीत नाही. बायको माहेरी फोनवर म्हणत होती, "नाही गं, काही जळलं नाहीये, ड्रम आहे."

बासच्या आत आजीची गोधडी. उशी ठेवून पाहिली, पण ती दोन्ही हेडांना सारखी दाबून बसते आणि आवाज खोक्यासारखा होतो. गोधडीची एक घडी मागच्या हेडाला जेमतेम शिवेल एवढी, पुढच्याला नाही. लुगड्याच्या थरांचं वजन असं की ती हलत नाही.

१९ जुलै

सुरावर लावणं. आज सहा तास गेले आणि मला एक मिनिटही जड गेलं नाही.

रीत अशी: बोटानं सगळे रॉड टेकेपर्यंत, मग समोरासमोरच्या जोड्या घेत चावीनं पाव पाव वळसा. मध्यावर एक बोट हलकं टेकवून प्रत्येक रॉडजवळ, काठापासून दोन बोटं आत, काडीनं टिचकी मारायची. सगळीकडून एकच सूर आला पाहिजे. मध्यावर बोट का? कारण त्यानं खालचा मूळ सूर दबतो आणि काठाचा वरचा सूर एकटा ऐकू येतो. खालची बाजू आधी, मग वरची. खालचं हेड वरच्यापेक्षा किंचित चढं ठेवलं, त्यामुळे सूर लवकर मोकळा होऊन विरतो.

लहानपणी चार वर्षं तबला शिकलो त्याचा फायदा की तोटा माहीत नाही, पण कान सारखे अडतात. तबल्यावर चाट मारली की एक स्वच्छ सूर येतो. ड्रमवर येत नाही. सुराभोवती कसलातरी गोंगाट असतो. कारण शाई, तबल्यावरचा मधला काळा गोल. साध्या सपाट पडद्याचे वरचे सूर मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे कुठंही पडतात, दुप्पट-तिप्पट असे जुळत नाहीत. मध्यावर शाईचं वजन चढवलं की ते जुळायला लागतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० मध्ये 'नेचर'मध्ये हेच मांडलं होतं. म्हणजे आपल्या पखवाज-तबलावाल्यांनी जे हातानं साधलं ते ड्रमच्या हेडात मुळातच नाही, आणि ते शोधत बसण्यात अर्थ नाही. ड्रमकडून अचूक सूर मागायचा नाही, तीन ड्रमचं आपसातलं नातं मागायचं.

नातं ठरवलं सा-प-सा. हार्मोनियम पुढ्यात घेतली. १४ इंची खालच्या पांढरी तीनवर, म्हणजे ८२ हर्ट्झच्या आसपास. १२ इंची त्याच्या पंचमावर, १२३. १० इंची वरच्या षड्जावर, १६५. बारा आज पहिल्यांदा बोलला. काठ घासण्याआधी तोच ड्रम दोन वेगवेगळे सूर काढून थरथरत विरायचा. आता एकच, जाडसर, अर्ध्या-पाऊण सेकंदाचा. मी तो वीस-पंचवीस वेळा नुसता वाजवला.

शेजारच्या काकांनी बेल वाजवली. म्हणाले, "एकच काय वाजवताय सारखं? गाणं तरी वाजवा."

२० जुलै

चौदामध्ये कुठंतरी 'ट्रर्र' असा आवाज. हेड काढलं, काही नाही. लावलं, ट्रर्र. शेवटी पायाच्या ब्रॅकेटचा आतला एक स्क्रू अर्धा वळसा ढिला निघाला. दीड तास.

२६ जुलै

स्नेअरची वायर ज्या दोरीनं ओढली जाते ती कुजलेली होती, हात लावताच तुटली. बाजारात पट्टी मिळते, पण शनिवार संध्याकाळ, पाऊस, आणि मला आत्ताच ऐकायचं होतं. जुन्या वाजवणाऱ्यांची युक्ती आठवली: एक्स-रेची फिल्म. कपाटात आईच्या डाव्या गुडघ्याचा एक्स-रे होता, २०१७ चा. डॉक्टर आता बघत नाहीत, असं तिनंच सांगितलं. दीड सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या कापल्या, काळ्याभोर, चिवट, न ताणणाऱ्या. वीस तारांची वायर त्यांनी अशी सरळ बसली की नुसतं श्वास सोडल्यावरही तारा कुजबुजतात.

वायर फार आवळायची नाही, हे आज पुन्हा शिकलो. आवळली की गुदमरते, आणि आपण ती आणखी आवळत जातो.

पेडल जुनं मिळालं, ६,५०० ला. साखळी सिंगल आहे, स्प्रिंग नवी.

२ ऑगस्ट

आज घड्याळ लावून उभारणी. ४१ मिनिटं. चार वेळा केली: ४१, ३३, २९, २६. घाम.

वेळ कुठं जातो ते लिहून काढलं. ड्रम ठेवायला वेळ लागत नाही. वेळ जातो स्टँडचे पाय उघडण्यात, उंची शोधण्यात आणि विंगनट (दोन पंखांचे, हातानं फिरवायचे नट) शोधण्यात. विंगनट ही या जगातली सर्वांत हरवणारी वस्तू आहे. उपाय असे केले: प्रत्येक दांड्यावर मेमरी लॉक (ठरलेली उंची धरून ठेवणारं कडं) आहे तिथं ते घट्ट केलं, नाही तिथं लाल इन्सुलेशन टेपचा वळसा दिला. झांजांचे फेल्ट आणि नट आता काढायचेच नाहीत, घरी निघताना परत स्टँडवरच फिरवून ठेवायचे. जास्तीचे सहा नट आणि दोन चाव्या एका मुखवासाच्या डबीत. डबी स्टूलच्या बॅगेत.

खाली अंथरायला आमची जुनी निळी सतरंजी. तिच्यावर प्रत्येक पायाची जागा टेपनं आखली: स्नेअरला पांढरी, हायहॅटला हिरवी, बासच्या दोन खुरांना लाल. सतरंजी पसरली की नकाशा तयार. स्टूलसुद्धा तिच्यावरच आलं पाहिजे. माझ्या ७८ किलोंमुळेच तर सतरंजी आणि तिच्यावरचा बास पुढं सरकत नाहीत.

९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. बहिणीकडे जाताना बॅगवाल्याकडून बॅगा घेतल्या. तो शाळेच्या आणि लॅपटॉपच्या बॅगा शिवतो. मी वर्तमानपत्राचे गोल कापून माप दिलं होतं. बाहेरून रेक्झिन, आत १० मिलिमीटरचा फोम. पाच बॅगा, ५,२००. बासच्या बॅगेला त्यानं स्वतःच्या डोक्यानं तळाशी दोन आडव्या पट्ट्या शिवल्या, "पावसात खाली ठेवाल तर भिजणार नाही." मी सांगितलंच नव्हतं.

स्टँड वगैरे लोखंडाची बॅग रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली: २३ किलो. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय एक फेरी केली आणि दोन बॅगा करायचं ठरवलं.

फेल्ट, नट, हायहॅटचा क्लच १,१५०. स्नेअरचा स्टँड २,४००. एकूण ७९,२५०. साडेसातशे रुपये उरले, त्याची मिसळ.

१६ ऑगस्ट

सगळ्या वाद्यांसोबत पहिली तालीम. इथं माझा सा-प-सा पार उघडा पडला.

पहिलं गाणं काळी चारमध्ये, दुसरं पांढरी एकमध्ये, तिसऱ्यात आमच्या गायिकेचा घसा बसलेला म्हणून अर्धा सूर खाली. तासाभरात सात पट्ट्या. माझा पांढरी तीनचा चौदा दर वेळी कुणाच्या तरी पायात येणार. पण ऐकताना तसं झालं नाही. ड्रमचा सूर इतका पटकन विरतो की पट्टीशी भांडायला त्याला वेळच मिळत नाही. भांडण झालं ते ढोलकीशी. ढोलकीची बारीक बाजू गायकाच्या सुरात चढवलेली, आणि माझा दहा तिच्या जवळपास घुटमळत होता. ढोलकीवाला मान तिरकी करून बघायला लागला. आमच्यात तो वयानं मोठा, सगळे दादा म्हणतात.

"ते छोटं जरा खाली घे की रे."

"दादा, मग पंचमाचं नातं जातं."

"कुणाचं?"

याला उत्तर नव्हतं. दहा इंची दोन सूर खाली आणला, हेडाच्या कडेला टिश्यू पेपरची घडी चिकटपट्टीनं लावली. ढोलकी सुटी झाली. सा-प-सा मोडलं, आता जे काही आहे त्याला नाव नाही, आणि ऐकायला ते जास्त बरं आहे.

आज उभारणी १९ मिनिटं.

२३ ऑगस्ट

फ्लोअर टॉम घरात घुमतो आणि तालमीच्या लाकडी फरशीवर 'थप' करून मरतो. शेलचा थरथराट पायांवाटे जमिनीत उतरून जातो. तिन्ही पायांखाली जुन्या हवाई चपलेचे चौकोन कापून ठेवले. निम्म्याहून जास्त आवाज परत आला. एवढ्याशा गोष्टीला बाहेरच्या कंपन्या तयार रबरी पाय विकतात. माझी चप्पल गेली चार वर्षं बाल्कनीत पडून होती.

३० ऑगस्ट

कोथरूडच्या एका सोसायटीत पहिला कार्यक्रम. रात्री लिहितोय, हात दुखतोय.

दुपारपासून रिपरिप. मंडप पत्र्याचा, स्टेज फळ्यांचं, वर मंडपवाल्याचा लाल गालिचा टोकांना खिळे मारून बसवलेला आणि मध्ये फुगलेला. पहिला धडा: पोकळ स्टेज हा स्वतःच एक ड्रम असतो. बास वाजला की सगळ्या फळ्या वाजत, आणि गायकांच्या पायाखालून तो त्यांच्या माइकमध्ये शिरत होता. साउंडवाल्या पोरानं (विशीतला, पण कानाचा पक्का) स्टेजखाली वाकून बघितलं आणि सांगितलं, "सर, दोन फूट मागं घ्या, खाली आडवा बांबू आहे." मागं घेतल्यावर घुमारा खूपच कमी झाला. स्टेजखाली डोकावायचं, हे आता उभारणीच्या यादीत पहिलं.

त्याच्याकडे ड्रमसाठी माइक तीन. एक भोकातून बासच्या आत, एक एसएम५७ स्नेअरला, तिसरा कुठं? तो टॉमच्या मध्ये लावत होता. लावताच मॉनिटरमधून (आमच्याकडे तोंड केलेला स्पीकर) चौदाच्या सुरावर 'हूंऽऽ' अशी शिट्टी. मग तो माझ्या उजव्या खांद्यामागून, डोक्याच्या उंचीवर, स्नेअरकडे तोंड करून लावला. तिथून मला जसं ऐकू येतं साधारण तसंच त्याला ऐकू येतं. टॉम आवाजात वर आणायचे तर मी जोरात मारायचे, असा साधा करार झाला. त्यानं बासमधला मधला गढूळ भाग, चारशे हर्ट्झच्या आगेमागे, कापला आणि एकदम बोटानं टेबलावर ठोकल्यासारखा ठोका बाहेर आला.

उभारणी १४ मिनिटं. अध्यक्षांचं भाषण ११ मिनिटांतच आटोपलं. तीन मिनिटं निवेदिकेनं उखाण्यांवर काढली. तिला वडापाव देणं लागतो.

वाजवायला काय वाटलं ते लिहायला शब्द शोधत नाही. एवढंच की ब्रशनं सुरू होणाऱ्या गाण्यात स्नेअरवर पहिला गोल फिरवला आणि गिटारवाल्यानं वळून पाहिलं. अकरा वर्षांत तो माझ्याकडे त्या जागी कधी वळला नव्हता.

घोळही झाला. कोळीगीतात सगळ्या बायका स्टेजजवळ आल्या, मी रंगात, आणि बास सतरंजीसकट पुढं सरकायला लागला. माझं वजन सतरंजीवर होतं, पण सतरंजी लाल गालिच्यावर, आणि गालिचा ओलसर. दोन कडव्यांत बास वीतभर लांब गेला. मी पाय लांबवून, जवळजवळ झोपून वाजवलं. शेवटी कीबोर्डवाल्यानं एका हातानं वाजवत दुसऱ्या पायानं बास अडवला.

रात्री दहाला बंद. समोरच्या इमारतीत दहावीचं पोरगं आहे असं आधीच बजावलं होतं.

३१ ऑगस्ट

सुताराकडून दीड फूट लांबीची सागाची पट्टी आणली. तिला खालून सायकलच्या ट्यूबचा तुकडा, दोन टोकांना दोरी. पट्टी बासच्या पुढच्या खुरांसमोर, दोऱ्या मागं स्टूलच्या पायाला. आता बास पुढं जायचा तर त्याला मला ओढून न्यावं लागेल.

बॅगा उघड्या ठेवून पंख्याखाली वाळवल्या. बासची बॅग तळाशी कोरडी होती. पट्ट्या!

५ सप्टेंबर

दुसरा कार्यक्रम, सिंहगड रस्ता, बंदिस्त सभागृह. माइक फक्त बासला. बाकी सगळं लाकडावर. शेवटच्या रांगेपर्यंत चौदा पोचत होता, असं बायकोनं सांगितलं, आणि ती उगाच बोलत नाही. छोट्या जागी दहाची गरज नाही असंही लक्षात आलं. तो न नेता फक्त बारा आणि चौदा नेले तर एक बॅग, एक दांडा आणि चार मिनिटं वाचतात. दादांनाही बरं.

उभारणी १२. पट्टी हलली नाही.

ऑक्टापॅड मात्र गाडीत होता. काच फुटल्याचा आवाज एका नकलेत लागतोच.

९ सप्टेंबर

विसर्जन होऊन तीन दिवस झाले, आज सगळं पुसून तेल-पाणी केलं. एम्परर तिन्ही शाबूत, मध्यावर पांढरा थर थोडा काळवंडला. बाराचा सूर तपासून पाहिला: जिथं ठेवला होता तिथंच. पेडलची साखळी करकरते, तिला शिलाई मशीनचं तेल.

स्नेअरची उजवी पट्टी भोकापाशी चिरली आहे. हरकत नाही. उजव्या गुडघ्याचा एक्स-रे अजून कपाटात आहे.